दर तिसऱ्या आठवड्यात ‘मरणारं’ पीटीपी१बी: कंपनीला मेल करण्याआधी बफर तपासा

आधी लक्षण सांगते, म्हणजे ज्यांचं दुखणं वेगळं आहे त्यांचा वेळ जायला नको.

रिकॉम्बिनंट, म्हणजे जिवाणूत बनवलेल्या, मानवी पीटीपी१बी या एन्झाइमची नवी कुपी येते. पहिल्या दिवशी पीएनपीपी (एन्झाइमनं तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) घातलं की दहा मिनिटांत प्लेट हळदीसारखी पिवळीधमक. दुसऱ्या आठवड्यात रंग जरा फिका, आपण म्हणतो पिपेट धरणाऱ्याचा हात चुकला असेल. तिसऱ्या आठवड्यात तेवढंच एन्झाइम, तेवढाच वेळ, आणि रंग मात्र पाणी घातलेल्या लिंबू सरबतासारखा. मग सरांपुढं उभं राहायचं, नवी कुपी मागवायची, ती आली की पुन्हा पहिल्या दिवसाचा आनंद. आमच्या कोल्हापूरच्या छोट्या लॅबमध्ये हे तीन कुप्यांपर्यंत चाललं. प्रत्येक वेळी दोष कंपनीचा, कुरिअरचा नाहीतर विजेचा. तिन्ही वेळा मुख्य दोष आमचाच होता.

काम काय ते थोडक्यात. राधानगरी-दाजीपूर आणि पन्हाळ्याच्या बाजूला मधुमेहावर वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींचे अर्क करायचे आणि त्यातला कुठला पीटीपी१बीला रोखतो ते बघायचं. इन्सुलिन पेशीबाहेर रिसेप्टरला चिकटलं की रिसेप्टरच्या आतल्या टायरोसिनवर फॉस्फेट चढतात आणि संदेश पुढं जातो. ते फॉस्फेट उतरवून संदेश थांबवणारा ब्रेक म्हणजे हे एन्झाइम. टोंक्स, डिल्ट्झ आणि फिशर यांनी १९८८ साली ते माणसाच्या वारेतून शुद्ध केलं. १९९९ साली हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरचा अभ्यास आला. ते उंदीर इन्सुलिनला जास्त दाद देत होते आणि चरबीयुक्त खाद्य देऊनही फारसे लठ्ठ होत नव्हते. तेव्हापासून याचा रोधक शोधणाऱ्यांची रांग लागली, त्या रांगेत अगदी शेवटी आम्ही. आता वारेची गरज नाही, जनुक ई. कोलायमध्ये घालून एन्झाइम करतात. पण जिवाणूत बनलं म्हणून त्याचा मूळ नाजूकपणा जात नाही, आणि सगळं दुखणं त्या नाजूकपणातच आहे.

मेलंय की रुसलंय?

पीटीपी१बीचं सगळं काम २१५ क्रमांकाच्या एका सिस्टीनवर चालतं. साध्या सिस्टीनचा गंधक उदासीन पीएचला हायड्रोजन धरून बसतो. याच्या आजूबाजूची रचना अशी आहे की हा गंधक ऋणभारित राहतो, म्हणून फॉस्फेटवर तुटून पडतो. आणि त्याच कारणानं ऑक्सिडीकरणाला पहिला बळी पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थोडासा संपर्क आला तरी काम बंद.

हे ऑक्सिडीकरण टप्प्याटप्प्यानं होतं, ते लक्षात ठेवा. पहिल्या टप्प्यात गंधकावर एक ऑक्सिजन बसतो, मग तो शेजारच्या २१६ नंबरच्या सेरीनच्या नायट्रोजनशी बंध करून एक छोटं कडं तयार करतो. २००३ साली स्फटिकरचनेत हे कडं दिसलं. इथून परत येता येतं, डीटीटीसारखा क्षपणक (ऑक्सिडीकरण उलटवणारं रसायन) मिळाला की गंधक मोकळा होतो. पेशीतही असंच चालतं. इन्सुलिन आल्यावर थोडं पेरॉक्साइड तयार होतं, ब्रेक तात्पुरता सैल पडतो, नंतर पुन्हा आवळतो. पण गंधकावर दोन-तीन ऑक्सिजन चढले की मामला संपला, मग डीटीटीची अख्खी बाटली ओतलीत तरी उपयोग नाही.

म्हणून पहिली चाचणी ही. कमजोर वाटणाऱ्या एन्झाइमचे दोन भाग करा. एकात आजच विरघळवलेलं डीटीटी १० मिलिमोलर होईल इतकं घाला, दुसऱ्यात तेवढंच पाणी. अर्धा तास बर्फावर ठेवून दोन्ही एकाच प्लेटवर चालवा. डीटीटीवाल्यात रंग परतला तर एन्झाइम रुसलेलं आहे. काहीच फरक नसेल तर ते खरंच गेलेलं आहे, किंवा बिघाड एन्झाइममध्ये नाहीच, सबस्ट्रेटमध्ये (इथं पीएनपीपी) किंवा मोजणीत आहे. आमच्यात बराचसा परतला, सगळा नाही. या ‘सगळा नाही’चा धागा पुढं फ्रीजपर्यंत गेला, पण ते नंतर.

नव्या नवरीला नवी साडी

आमची खरी चूक लक्षात यायला तीन कुप्या का लागल्या? कारण नवी कुपी आली की आम्ही मोठ्या उत्साहानं नवं बफरही (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) करायचो. अर्धा लिटर, डीटीटीसकट, आणि ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून पुढची कुपी येईपर्यंत वापरायचो. म्हणजे दर वेळी ताजं एन्झाइम ताज्या बफरात आणि जुनं एन्झाइम जुन्या बफरात. दोन गोष्टी एकत्र म्हाताऱ्या होत होत्या आणि आम्ही फक्त एकीचं वय मोजत होतो.

आता डीटीटीचं आयुष्य बघा. २० अंश तापमानाला पीएच ६.५ असेल तर निम्मं डीटीटी संपायला ४० तास लागतात. पीएच ७.५ ला १० तास. पीएच ८.५ ला जेमतेम दीड तास. फ्रीजमध्ये ते जास्त टिकतं हे खरं, पण बाटली रोज बाहेर येते, टेबलावर तासभर राहते, झाकण उघडतं, हवा आत जाते. एप्रिलमधल्या कोल्हापूरच्या दुपारी, वीज गेलेली, खोलीचं तापमान पस्तिशीच्या पुढं, तिथं २० अंशांचे आकडेसुद्धा उदार वाटतात. दोन आठवड्यांनी आमच्या बफरात डीटीटी फक्त लेबलवर उरलेलं असायचं.

त्यात पाण्यानं भर घातली. तांबं किंवा लोह अगदी नगण्य प्रमाणात असलं तरी डीटीटीचं ऑक्सिडीकरण झपाट्यानं होतं, आणि डीटीटी हवेत ऑक्सिडाइज होताना स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. म्हणजे राखणीला ठेवलेला माणूसच रात्री चोराला दार उघडून देतो. आम्ही बोअरचं पाणी जुन्या धातूच्या डिस्टिलेशन संचातून काढून वापरत होतो, आणि बफरात धातू बांधून ठेवणारं ईडीटीए घालायचं ‘पैसे वाचवायला’ सोडून दिलं होतं. किती पैसे वाचले ते विचारू नका.

हे सिद्ध करायला एक दुपार पुरते. चार ट्यूब घ्या: जुनं एन्झाइम जुन्या बफरात, जुनं नव्यात, नवं जुन्यात, नवं नव्यात. बर्फावर तासभर ठेवा आणि मग मोजा. आमचं नवंकोरं एन्झाइम जुन्या बफरात तासाभरात मरगळलं आणि ‘मेलेलं’ एन्झाइम नव्या बफरात उठून बसलं. सरांनी प्लेट उजेडाकडं धरून बघितली आणि एवढंच म्हणाले, “तिन्ही कुप्यांचं बिल माझ्या टेबलावर ठेवू नकोस, मला वाईट वाटतं.”

आता आम्ही असं करतो. बफर डीटीटीशिवाय बनवतो: हेपीस (पीएच सांभाळणारं रसायन) ५० मिलिमोलर, पीएच ७.२, मीठ १०० मिलिमोलर, ईडीटीए १ मिलिमोलर. हे फ्रीजमध्ये राहू द्या. डीटीटीचा १ मोलर साठा पाण्यात करून ५०-५० मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये उणे २० ला ठेवतो. रोज एक ट्यूब काढायची, त्या दिवशीच्या बफरात २ मिलिमोलर होईल इतकं घालायचं, उरलेलं फेकायचं. फेकताना जीव तुटतो, पण डीटीटी एन्झाइमपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. पातळ केलेल्या एन्झाइममध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर घाला, नाहीतर नॅनोमोलर पातळीवर एन्झाइम ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसतं आणि तुम्ही पुन्हा ‘मेलं, मेलं’ म्हणत बसाल.

टीसीईपी हा दुसरा क्षपणक वापरा असा सल्ला मिळेल. हवेत ते डीटीटीपेक्षा टिकाऊ आहे हे खरं, पण फॉस्फेट बफरमध्ये उदासीन पीएचला ते टिकत नाही. तसं फॉस्फेट बफर इथं वापरायचंच नाही. फॉस्फेट हेच या अभिक्रियेचं उत्पादन, तेच एन्झाइमच्या खोबणीत जाऊन बसतं. आमच्यातल्या एकानं अर्क पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेटच्याच बफरात, विरघळवले होते आणि सगळेच अर्क ‘गुणकारी’ निघाले होते. काचेची भांडी फॉस्फेटवाल्या पावडरनं धूत असाल तर शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं भरपूर खळबळा.

बर्फ न धरणारा फ्रीज

बफर सुधारलं तरी दर महिन्याला थोडी घट उरलीच. जे डीटीटीनं परतत नव्हतं ते हेच. त्याचं कारण सापडलं ते लॅबमधल्या मामांमुळं. फरशी पुसता पुसता ते म्हणाले, “मॅडम, ह्यो फ्रीज लई भारी बघा. आमच्या घरच्यात बर्फाचं डोंगर हुत्यात, म्हैन्याला सुरी घिऊन बसावं लागतंय. ह्यात एक कण न्हाई.”

मी कौतुकानं “हो ना मामा” म्हटलं आणि दोन मिनिटांनी हातातली ट्यूब तशीच राहिली. बर्फ धरत नाही म्हणजे फ्रीज फ्रॉस्ट-फ्री आहे. त्यात ठरावीक वेळानं हीटर चालू होऊन कॉइलवरचा बर्फ वितळवतो. तेवढ्या वेळात आतलं तापमान वर जातं आणि पुन्हा खाली येतं. मटारच्या पिशवीला काही कळत नाही, पण २० मायक्रोलिटरच्या ट्यूबला कळतं. आमच्या कुपीत ग्लिसरॉल फक्त १० टक्के होतं, ते उणे २० ला गोठतं. म्हणजे एन्झाइम आमच्या नकळत पुन्हा पुन्हा अर्धवट वितळत आणि गोठत होतं. माहितीपत्रकावर स्पष्ट उणे ८० लिहिलं होतं. पण उणे ८० चा फ्रीज दुसऱ्या विभागात, त्याची चावी तिसऱ्याकडं, म्हणून आम्ही ‘सध्या’ उणे २० ला ठेवलं होतं. सध्या म्हणजे दीड वर्ष.

आता कुपी आली त्याच दिवशी वाटणी करतो, एका प्रयोगाला पुरेल एवढं एका ट्यूबमध्ये, आणि द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवून उणे ८० ला. द्रव नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न कोल्हापुरात पडू नये. हा दुधाचा जिल्हा आहे, कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच्यातच ठेवतात, आणि ओळखीच्या पशुवैद्यांना विचारलं तर थोडासा मिळतो. मात्र तो उणे १९६ अंशांचा असतो. हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा, ट्यूब आत बुडवू नका, चिमट्यानं धरून फक्त तळ टेकवा. आत द्रव शिरलेली बंद ट्यूब बाहेर काढल्यावर फुटते.

उणे ८० ची सोय होतच नसेल तर ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवा, ते उणे २० ला गोठत नाही. पण मग पिपेटिंग बदला. ५० टक्के ग्लिसरॉल म्हणजे जवळजवळ काकवीच. बटण पटकन सोडलंत तर टिपमध्ये निम्मंच येतं, आणि टिप खोल बुडवलीत तर बाहेरून चिकटून दुप्पट जातं. टोक जेमतेम टेकवा, सावकाश ओढा, दोन सेकंद थांबा. एक मायक्रोलिटर मोजायचा हट्ट करू नका, आधी दहापट पातळ करून मग मोठा आकार घ्या. ‘एकाच दिवशी तीन वेल (प्लेटवरचे खळगे) तीन आकडे देतात’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथंच असतं.

कुरिअरबद्दल थोडंसं. ड्राय आइस उणे ७८.५ ला असतो आणि थेट वायू होऊन उडून जातो, म्हणून खोका उघडताना त्यात निदान मूठभर उरलाय का ते बघा आणि फोटो काढा. पावसाळ्यात शक्यतो मागवूच नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, तशा वेळी पार्सल पुण्यात अडकतं आणि ड्राय आइस आपली वाट बघत थांबत नाही. आमची ऑर्डर आता मे उजाडायच्या आत जाते.

रंगाच्या भानगडी

पीएनपीपी स्वतःहूनही हळूहळू तुटतं. साठ्याची बाटली पिवळसर दिसली तर टाकून द्या. तुटल्यावर निघणारं पॅरानायट्रोफिनॉल पीएच ७ च्या आसपास अर्धवटच पिवळं असतं, म्हणून शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड घालून अभिक्रिया थांबवावी लागते, तेव्हा पूर्ण रंग येतो आणि ४०५ नॅनोमीटरला मोजता येतो. पण वनस्पतींच्या अर्कातली पॉलिफिनॉल्स अल्कलीत गडद तपकिरी होतात. त्यामुळं प्रत्येक अर्काचा वेगळा ब्लँक (वजा करायचा कोरा नमुना) हवा, त्यात एन्झाइम सोडून बाकी सगळं, हायड्रॉक्साइडसुद्धा. आम्ही आधी ब्लँकमध्ये हायड्रॉक्साइड घालत नव्हतो, आणि काही अर्क एन्झाइमला ‘चालना’ देताना दिसत होते!

आणखी एक सापळा. रोधकाचा नमुना म्हणून बरेच जण ऑर्थोव्हॅनेडेट वापरतात. बफरात ईडीटीए असेल तर ते व्हॅनेडेटला बांधून टाकतं आणि रोध दिसतच नाही. म्हणून आम्ही त्याऐवजी उर्सोलिक ॲसिड हा रोधक वापरायला लागलो.

यादीतला पहिला नंबर

डीटीटी ताजं झालं, एन्झाइम टिकायला लागलं, सगळे खूष. मग अर्कांची पहिली यादी आली आणि त्यातले निम्म्याहून जास्त अर्क जोरदार रोधक. इतकी औषधं एका जंगलात? पन्हाळ्यावरून खाली बघताना असं वाटू शकतं, प्लेटवर वाटू नये.

इथं दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात. पहिली टॅनिनची. हिरडा घ्या, जांभळाची साल घ्या, टॅनिन भरपूर. टॅनिनचं काम प्रथिनं धरून ठेवण्याचं आहे, चामडं कमावण्यात तेच वापरतात, कोल्हापुरी चपलेच्या गावात हे सांगायला नको. ते पीटीपी१बीला धरतं तसं बीएसएलाही धरतं, त्यात विशेष काही नाही. ओळखायचं कसं? ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट ०.०१ टक्के घालून बघा. रोध गळून पडला तर तो गोळे होऊन चिकटण्याचा परिणाम होता. एन्झाइम पाचपट वाढवून बघा. अर्काची मात्राही तशीच वाढवावी लागत असेल तर संशय पक्का. तोच अर्क एखाद्या असंबंधित एन्झाइमवरही टाका. तिथंही तेवढाच ‘गुण’ दिसला तर समजून जा.

दुसरी गोष्ट जास्त लबाड आहे, आणि ती आपण डीटीटी सुधारल्यामुळंच जोरात येते. काही पॉलिफिनॉल्स हवेत ऑक्सिडाइज होऊन क्विनोन होतात. साध्या पाण्यात ती तिथंच थांबली असती. पण बफरात डीटीटी आहे, ते क्विनोनला पुन्हा मूळ रूपात आणतं, ते पुन्हा ऑक्सिडाइज होतं, डीटीटी पुन्हा परत आणतं. रहाटगाडगं फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत ऑक्सिजनपासून थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते जाऊन बसतं थेट २१५ नंबरच्या सिस्टीनवर. अर्क एन्झाइमला रोखत नाही, अर्क आणि डीटीटी मिळून त्याला पेरॉक्साइड पाजतात.

आमचा पहिल्या नंबरचा अर्क असाच निघाला. संशय आला तो वेळेमुळं. अर्क घालून लगेच मोजलं तर रोध थोडा, दहा मिनिटांनी जास्त, अर्ध्या तासानं जवळजवळ पूर्ण. वेळेबरोबर वाढणारा रोध दुसऱ्या कारणांनीही दिसू शकतो, म्हणून पुढची चाचणी करा. त्याच अभिक्रियेत कॅटलेज घाला. कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी करतं. रोध नाहीसा झाला तर चोर सापडला. आमचा नाहीसा झाला. खात्रीसाठी डीटीटीच्या जागी ग्लुटाथायोन किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घेऊन तीच प्लेट पुन्हा लावा. हे क्षपणक तसं गाडगं फारसं फिरवत नाहीत. टीसीईपी मात्र डीटीटीसारखंच फिरवतं, त्यामुळं त्यानं सुटका होणार नाही. फिनॉल रेड आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजनं ६१० नॅनोमीटरला पेरॉक्साइड सरळ मोजताही येतं, पण अर्काचा स्वतःचा रंग आडवा येतो, म्हणून आम्ही कॅटलेजवरच भरवसा ठेवतो.

प्रत्येक अर्क आता चार रूपांत चालतो: नुसता, ट्रायटनसह, कॅटलेजसह, दोन्हींसह. काम चौपट झालं आणि यादी बोटांवर मोजण्याइतकी उरली. जे अर्क उरले त्यांचं पुढं काय ते वेगळं प्रकरण आहे, आत्ता त्यावर बोलणं घाईचं होईल. डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रावक) मात्र सगळ्या वेलमध्ये सारखंच ठेवा, १ टक्क्याच्या आसपास, नाहीतर ही सगळी मेहनत त्या एका फरकात वाया जाते.

एवढं करूनही रंग येत नसेल तर कळवताना चार ट्यूबची उलटसुलट चाचणी, १० मिलिमोलर डीटीटीची चाचणी, फ्रीजचा प्रकार आणि बफर केल्याची तारीख लिहा. ‘एन्झाइम चालत नाही’ एवढ्यावर कुणाला काही सांगता येणार नाही.

तारखेवरून आठवलं. मामांनी डीटीटीची गोष्ट फारच मनावर घेतली आहे. ज्या ट्यूबवर तारीख नाही ती ते सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकतात, कुणाची आहे ते विचारतही नाहीत. परवा माझी टाकली.